प्रदर्शनातल्या फर्निचरच्या ऑर्डरी: जीएसटी नंबर कधी लागतो, आणि ग्राहकाने ऑर्डर रद्द केली तर बयाण्याचं काय?

सागवान_हिंगणा

नमस्कार मंडळी. नागपूरला हिंगणा रोडवर सागवानी फर्निचरचं वर्कशॉप आहे. धंदा माझ्या एकट्याच्या नावाने, जागा वडिलांच्या नावावर. गेल्या आर्थिक वर्षात एकूण २६ लाखांच्या आसपास विक्री झाली. त्यातले तीनेक लाख लोकांचं जुनं फर्निचर दुरुस्त करून, पॉलिश मारून देण्याचे. जीएसटी नंबर नाही, ४० लाखांपर्यंत लागत नाही म्हणून घेतला नाही.

आता रेशीमबाग मैदानावर ५ दिवसांचा आणि रायपूरला १० दिवसांचा स्टॉल घ्यायचा विचार आहे. प्रश्न असे:

१. फक्त प्रदर्शनापुरता नंबर मिळतो म्हणतात. तो दोन्हीकडे लागेल का?

२. नागपूरच्या स्टॉलवर मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे ग्राहक येतात. माल आम्ही टेम्पोने घरपोच देतो. त्याने काही फरक पडतो का?

३. ऑर्डरच्या वेळी ४० टक्के अ‍ॅडव्हान्स घेतो. समजा ८५,००० चा बेड असेल तर ३४,००० रुपये. दोन-तीन दिवसांनी काही जणांचा फोन येतो, “ऑर्डर कॅन्सल करा, सात दिवसांत रद्द करायचा कायद्याने हक्क आहे.” असा हक्क खरंच आहे का? आमच्या पावतीवर “अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही” आणि “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” असं छापलेलं आहे. ते पुरतं का?

४. नंबर घेतल्यावर ऑर्डर रद्द झाली तर भरलेल्या कराचं काय होतं?

धंतोली_करसल्लागार

भाऊ, प्रदर्शनाचं नंतर पाहू. तुम्ही सहज लिहून गेलात ते तीन लाखांचं पॉलिश, खरी अडचण तिथे आहे.

४० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे, पण ती फक्त माल विकणाऱ्यांसाठी. सेवाही देत असाल तर महाराष्ट्रात मर्यादा २० लाखच. आणि दुसऱ्याच्या मालावर केलेली कुठलीही प्रक्रिया ही सेवा धरायची, असं केंद्रीय जीएसटी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे. लोकांच्या जुन्या दिवाणाला पॉलिश मारून दिलं की ती सेवा झाली. मग २० लाखांचा आकडा मोजताना फक्त पॉलिशची नाही, पूर्ण विक्री धरतात, तीही एका पॅनवरची देशभरातली. म्हणजे तुम्ही २६ लाखांवर नाही, २० लाखांवर पोहोचलात त्याच दिवशी नोंदणीला पात्र झालात, आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायला हवा होता.

उशीर झाला की काय होतं ते नीट समजून घ्या. ३० दिवसांच्या आत अर्ज केला तर नोंदणी मागच्या तारखेपासून, म्हणजे जबाबदारी सुरू झाली त्या दिवसापासून लागू होते आणि हातातल्या साठ्यावरचं क्रेडिटही (खरेदीत भरलेला कर आपल्या करातून वजा करणं) घेता येतं. उशिरा केला तर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागू होते, पण कराची जबाबदारी मात्र मागच्या तारखेपासून राहते. समजा २० लाख ओलांडल्यानंतर आजवर ६ लाखांची विक्री झाली. १८ टक्क्यांनी १,०८,००० रुपये होतात. ग्राहकाकडून ते आता मागता येत नाहीत आणि सागवान घेताना भरलेल्या कराचं क्रेडिटही त्या काळापुरतं हातचं जातं. वर १८ टक्के वार्षिक व्याज. नोंदणी न करण्याचा दंड १०,००० रुपये किंवा चुकवलेला कर, यातली मोठी रक्कम.

म्हणून या आठवड्यातच अर्ज करा. नंबर मिळाला की मधल्या काळाचा कर आणि व्याज डीआरसी-०३ फॉर्मने स्वतःहून भरा. फसवणुकीचा हेतू नसेल आणि नोटीस निघायच्या आधी भरलं, तर कर कमी भरल्याबद्दलचा दंड टळतो. नोटीस आल्यावर बोलणी अवघड होतात. पॉलिशचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पॅनवर दाखवायचा सल्ला कुणी देईल. तो घेऊ नका. कारागीर तेच, जागा तीच, फोन नंबर तोच असताना हे टिकत नाही.

अर्ज असा करायचा: जीएसटी पोर्टलवर आरईजी-०१ हा फॉर्म. सरकारी शुल्क काहीच नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि जागेचा पुरावा लागतो. जागा वडिलांच्या नावावर आहे, म्हणून त्यांचं संमतिपत्र आणि त्यासोबत महावितरणचं ताजं बिल किंवा मालमत्ता कराची पावती. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात: बिलावर आजोबांचं नाव, संमतिपत्र वडिलांचं, आणि फॉर्ममधला पत्ता तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेला. तिन्ही कागदांवर घर क्रमांक, खसरा आणि पिनकोड अक्षरशः जुळवून घ्या. आधार पडताळणी झाली आणि अर्ज तपासणीसाठी बाजूला काढला गेला नाही, तर ७ कामकाजी दिवसांत निर्णय होतो. त्रुटी निघाली की आरईजी-०३ नोटीस येते, तिला आरईजी-०४ ने ७ कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ती नोटीस ईमेलवर येते आणि बऱ्याच जणांची तिथेच पडून राहते, म्हणून एआरएन (अर्जाचा संदर्भ क्रमांक) मिळाल्यापासून रोज पोर्टल उघडून पाहा.

नंबर १५ अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, छत्तीसगड २२, मध्य प्रदेश २३. प्रमाणपत्र वर्कशॉपमध्ये लावायचं आणि बाहेरच्या पाटीवर नंबर लिहायचा. सोबत व्यवसाय करासाठी नाव नोंदवायला विसरू नका, वर्षाला २,५०० रुपये. हे हमखास राहतं आणि काही वर्षांनी व्याजासकट समोर येतं.

एक पक्कं: नंबर हातात येईपर्यंत पावतीवर “जीएसटी १८%” असं एका ओळीतही लिहायचं नाही. नोंदणी नसताना कर गोळा करणं हाच वेगळा गुन्हा आहे.

आता प्रदर्शन. प्रदर्शनापुरता मिळतो तो प्रासंगिक करदात्याचा नंबर, आणि जिथे तुमचं कायमचं ठिकाण नाही अशा राज्यासाठी तो असतो. रेशीमबागेला तो लागत नाही, तुमचा २७ चा नियमित नंबर पुरतो. माल तिथे ठेवून बिलंही तिथूनच फाडणार असाल, तर ती जागा अतिरिक्त व्यवसायस्थळ म्हणून जोडून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत स्टॉलवर लावा.

रायपूरला मात्र २२ चा प्रासंगिक नंबर हवाच. तिथे विक्रीची कुठली मर्यादा नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. धंदा सुरू करायच्या निदान ५ दिवस आधी अर्ज. जागेचा पुरावा म्हणून आयोजकांचं स्टॉल वाटपाचं पत्र चालतं. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस, आरईजी-११ ने आणखी ९० पर्यंत वाढते. अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो, पण तो क्रेडिट वजा करून. उदाहरणार्थ, रायपूरला ६ लाखांची विक्री धरली तर कर १,०८,०००. नागपूरच्या नंबरवरून रायपूरच्या नंबराला साडेचार लाखांचा माल बिल करून पाठवला तर ८१,००० चा आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी) क्रेडिट म्हणून तिथे मिळतो. आगाऊ भरायचे २७,००० उरतात. विकला गेला नाही तो माल परत नागपूरला बिल करून आणा, नाहीतर रायपूरच्या खात्यावर तो साठा पडलेला दिसतो. जादा भरलेली रक्कम परत मिळते, पण त्या काळातली सगळी विवरणपत्रं भरल्यावरच.

भंडारा-देवरीमार्गे गाडी जाताना माल ५०,००० च्या वर असला की ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचं बिल) लागतं. २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत असते आणि अंतर तीनशेच्या जवळ आहे, म्हणून दोन दिवसांचं निघतं. गाडी उशिरा भरायची असेल तर ई-वे बिलही उशिरा काढा.

हिशोब_सीताबर्डी

वरच्या उत्तरात दुसरा प्रश्न राहिला, तेवढा पुरा करतो.

छिंदवाड्याच्या ग्राहकाने फरक पडतो, आणि तो बिलावरच्या पत्त्याने पडतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असं धरतात. म्हणजे रेशीमबागेच्या स्टॉलवर बसून “छिंदवाडा, मध्य प्रदेश” लिहिलंत की ती आंतरराज्य विक्री झाली. कर आयजीएसटी लागेल, राज्यातल्या विक्रीवरचा सीजीएसटी-एसजीएसटी नाही. पत्ता गाळायची पळवाटही नाही, कारण ५०,००० आणि त्यावरच्या बिलावर ग्राहकाचं नाव, पत्ता, राज्य आणि डिलिव्हरीचं ठिकाण लिहिणं बंधनकारक आहे. ८५,००० चा बेड त्यात आलाच.

मालाची आंतरराज्य विक्री करणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची आहे. मागे एखादा नग शिवनीला पाठवला असेल तर तुमची जबाबदारी २० लाख ओलांडायच्याही आधी, त्या दिवशीच सुरू झाली. अर्जात तारीख टाकण्यापूर्वी जुनी पावतीपुस्तकं चाळा.

कंपोझिशनबद्दल, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या कमी दराच्या योजनेबद्दल, कुणी सांगेलच. व्यापारी-उत्पादकाला १ टक्का कर, दीड कोटींपर्यंत. शिवाय उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत सेवा चालते, म्हणजे तुमचं पॉलिश बसतं. पण राज्याबाहेर माल विकता येत नाही. रायपूर आणि छिंदवाडा सोडायची तयारी असेल तरच तो विचार करा.

ग्राहक_पंचायत_वाचक

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, कारण इथे ग्राहक आणि दुकानदार दोघंही चुकीच्या समजुतीवर भांडतात.

सात दिवसांत कुठलीही खरेदी रद्द करायचा सरसकट हक्क भारतीय कायद्यात नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० ला लागू झाला, त्यातही नाही. विमा पॉलिसीला ३० दिवसांची फ्री-लूक मुदत (पॉलिसी वाचून परत करायची) आहे, अ‍ॅपवरून घेतलेल्या कर्जाला कूलिंग-ऑफ मुदत (विचार बदलला तर कर्ज सोडायची) आहे, पण त्या त्या क्षेत्रापुरत्या. प्रदर्शनातली खरेदी तीन दिवसांत रद्द करता येते असा जो व्हिडिओ फिरतो तो अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाचा आहे. घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्यावरची विक्री आणि तात्पुरत्या जागेवर केलेली १३० डॉलर किंवा त्यावरची विक्री, अशी त्याची हद्द आहे. रेशीमबागेत तो लागू नाही.

पण म्हणून “अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही” हे छापलं की ३४,००० तुमचे झाले, असंही नाही. करार कायदा १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाईच, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या फतेह चंद निकालात २५,००० मिळालेल्या विक्रेत्याला त्यातले बयाण्याचे १,००० ठेवू दिले, उरलेले २४,००० करारात लिहिलं आहे एवढ्यावर जप्त करता येणार नाहीत असं ठरलं. कलम ७३ चं स्पष्टीकरणही महत्त्वाचं आहे: नुकसान मोजताना ते कमी करायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही पाहायचं. ६ फूट बाय साडेसहा फुटांचा साधा बेड दुसऱ्या ग्राहकाला विकता येतो. साडेपाच फुटी, ग्राहकाच्या कोनाड्याच्या मापाचा, डोक्याकडच्या फळीवर त्याने दिलेल्या नक्षीचा बेड विकता येत नाही. दोन्हींसाठी एकच ४० टक्के जप्ती लावली तर ती वाजवी ठरत नाही.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात याला “अनुचित करार” असं नाव आहे. करार मोडल्यास झालेल्या नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड, अवाजवी अनामत, एकाच बाजूला कारणाशिवाय करार संपवायची मुभा, हे सगळं त्यात येतं. अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे जाते. त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही, नागपूरला राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ आहे. सदोष माल, सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा यासाठी मात्र जिल्हा आयोग, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असला तर. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत करायची, आणि ग्राहक राहतो तिथल्या आयोगात करता येते. म्हणजे छिंदवाड्याचा ग्राहक तुम्हाला छिंदवाड्याच्या आयोगात उभं करू शकतो, हे ध्यानात ठेवा.

“एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही ओळ तर आजच काढून टाका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं, आणि बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे न देणं ही कायद्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्या ओळीने संरक्षण तर मिळत नाहीच, उलट तुमच्याविरुद्धचा पहिला कागद तयार होतो. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच, त्यामुळे कच्च्या चिठ्ठीवर अ‍ॅडव्हान्स घेऊ नका.

ग्राहकाला रद्द करायचा खरा हक्क कुठे मिळतो? ठरल्या तारखेला माल दिला नाही, दाखवला एक आणि दिला दुसरा, किंवा सांगितलं ते लाकूड नव्हतं. माल विक्री कायदा १९३० प्रमाणे नमुना दाखवून आणि वर्णन करून विकलेला माल दोन्हींशी जुळला पाहिजे. स्टॉलवरचा बेड हा नमुना, आणि पावतीवरचा “सागवानी बेड” हे वर्णन. बाजूच्या पाट्या आणि पाय सागवानाचे, पण तळ प्लायचा आणि पेटीच्या आतल्या फळ्या दुसऱ्या लाकडाच्या असतील, तर “सागवानी बेड” हे दोन शब्द तुम्हाला महागात पडतील. ग्राहक घरी गादी उचलतो, तळाचा प्लाय दिसतो आणि तिथून भांडण सुरू होतं. कुठला भाग कशाचा ते भागवार लिहा.

तक्रारीची नोटीस आलीच तर लेखी जबाबाला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. ४५ दिवसांनंतर आयोगालाही जबाब घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये पक्कं केलं. बरेच दुकानदार पहिल्या तारखेला जाऊन पुढची तारीख मागतात आणि जबाब द्यायचा हक्क घालवून बसतात.

ग्राहकांनी आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथेच बरीच प्रकरणं मिटतात, कारण तिथे कुणालाच हरावं लागत नाही.

सागवान_हिंगणा

धंतोलीवाले सर, सीताबर्डीवाले सर आणि ताई, फार आभार. पॉलिशचं हे माहीतच नव्हतं. शिवनीला गेलेल्या मालाच्या पावत्या आजच काढतो. आता एवढंच सांगा: ऑर्डर फॉर्मवर नेमकं काय लिहू म्हणजे ग्राहकावर अन्याय होणार नाही आणि चिरलेलं लाकूडही माझ्या गळ्यात पडणार नाही? आणि चौथा प्रश्न राहिलाच.

ऑर्डरबुक_इतवारी

भाऊ, फॉर्म टप्प्यांवर बांधा, तारखांवर नाही. “सात दिवसांनंतर पैसे मिळणार नाहीत” असं लिहिलं आणि सातव्या दिवशी लाकडाला करवत लागलेलीच नसेल, तर तुमचं नुकसान काय झालं हे सांगता येत नाही.

आमच्याकडच्या कारखानदारांत चालतात ते टप्पे असे. लाकूड चिरायच्या आधी रद्द केलं तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स परत, फार तर माप घ्यायला गेल्याचे ठरलेले पाचशे-हजार कापून. चिराई झाल्यावर, त्या मापाचं जे लाकूड दुसरीकडे वापरता येणार नाही त्याची किंमत आणि झालेली मजुरी. जोडणी आणि पॉलिश झाल्यावर, माल दुसऱ्याला विकून जी तूट येईल ती, अ‍ॅडव्हान्सच्या रकमेपर्यंत. प्रत्येक टप्पा सुरू करायच्या आदल्या दिवशी ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाका: “उद्या चिराई सुरू करतो आहोत, काही बदल असेल तर आज सांगा.” हा एक निरोप फॉर्मवरच्या दहा अटींपेक्षा जास्त कामाचा आहे. बहुतेक रद्द होणाऱ्या ऑर्डरी याच निरोपाला रद्द होतात, तेव्हा दोघांचंही काही गेलेलं नसतं.

नुकसानीचा हिशोब घनफुटात ठेवा, अंदाजात नाही. बेडची बाजूची पाटी साडेसहा फूट लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड: ६.५ गुणिले ०.५ गुणिले ०.१२५, म्हणजे ०.४१ घनफूट. अशा दोन. पाय, डोक्याची फळी, आडव्या पट्ट्या याच रीतीने मोजायच्या, त्यापुढे लाकडाच्या खरेदी बिलाचा नंबर आणि त्या बिलातला दर लिहायचा. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा सागवान आणि बाहेरून आलेला सागवान यांच्या दरात मोठा फरक असतो, त्यामुळे कुठला वापरला ते फॉर्मवर आणि हिशोबात सारखंच हवं. चिरलेल्या पाट्यांचा तारखेसकट फोटो ठेवा. ६ फुटी पाटीतून ५ फुटी पाटी निघते, मग ते लाकूड वाया गेलं म्हणू नका. सहा इंच रुंदीच्या पाटीत खाचा मारून झाल्या असतील तर मात्र ती दुसरीकडे बसत नाही.

“बयाणा” आणि “अ‍ॅडव्हान्स” हे शब्दही सरमिसळ वापरू नका. बयाणा म्हणजे ग्राहक करार पाळेल याची खूण, ती लहान ठेवा, ८५,००० वर ५,००० वगैरे. उरलेले २९,००० हा किमतीचा आगाऊ भाग, असं वेगळ्या ओळीत लिहा. भागवार लाकूड, प्लायची जाडी, पॉलिशची छटा, मापं, डिलिव्हरीची तारीख, आणि तारीख चुकली तर ग्राहकाला पूर्ण पैसे परत मागता येतील हेही लिहा. एकतर्फी फॉर्म टिकत नाही, दोघांना बांधणारा टिकतो. सही मराठीत वाचून घेतलेल्या फॉर्मवर हवी. मध्य प्रदेशच्या ग्राहकासाठी हिंदी प्रत ठेवा.

धंतोली_करसल्लागार

चौथा प्रश्न. नियमित नोंदणीत मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर कर नाही, १५ नोव्हेंबर २०१७ पासून तशी अधिसूचना आहे. कर बिलाच्या वेळी. म्हणून ऑर्डर घेताना टॅक्स इनव्हॉइस फाडू नका, रिसीट व्हाउचर द्या. ऑर्डर रद्द झाली की रिफंड व्हाउचर द्या आणि पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. यात कर कुठेच अडकत नाही. कंपोझिशनवाल्यांना ही अधिसूचना लागू नाही. सेवेचा अ‍ॅडव्हान्सही वेगळा: पॉलिशच्या कामासाठी आगाऊ पैसे घेतले तर त्यावर कर त्याच वेळी.

चूक कुठे होते? स्टॉलवर ग्राहक पक्कं बिल मागतो, पोरगा पूर्ण ८५,००० चं टॅक्स इनव्हॉइस देऊन मोकळा होतो. मग रद्द करायला क्रेडिट नोट (दिलेल्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) काढावी लागते. ती पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच चालते, म्हणजे ज्या आर्थिक वर्षातली विक्री ते वर्ष संपल्यानंतरच्या नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंत. त्यानंतर ग्राहकाचे पैसे तुम्ही द्याल, पण भरलेला कर कमी होणार नाही. बिल फाडून टाकायचं नाही. क्रमांक सलग असतो, जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात रद्द झालेले क्रमांक दाखवावे लागतात.

रद्द करताना तुम्ही ठेवलेली रक्कम कोणत्या नावाने ठेवता त्यावर कर ठरतो. ३ ऑगस्ट २०२२ चं १७८ क्रमांकाचं परिपत्रक पाहा. रद्द करायची सोय देण्याबद्दलचं ठरलेलं शुल्क हे मूळ पुरवठ्यासोबतचं मानतात, त्यावर त्याच दराने कर. करार मोडल्याची भरपाई हा मोबदला नाही, त्यावर कर नाही. इतवारीच्या भाऊंनी सांगितलं तसा घनफुटांचा हिशोब असेल तर ती भरपाई आहे हे कागदावर दिसतं. माप घ्यायला गेल्याचे पाचशे-हजार मात्र सेवेचे, त्यावर कर धरा.

मानेवाडा_वाचक

फर्निचरचं नाही, पण याच धाग्यातलं विचारतो. फ्लॅटचा करार रद्द झाला. बिल्डरने मूळ रक्कम परत केली, जीएसटी नाही. म्हणतो क्रेडिट नोटची मुदत गेली.

हिशोब_सीताबर्डी

मुदत गेली असेल तर बिल्डर खरंच क्रेडिट नोट काढू शकत नाही, पण तुमचे पैसे बुडालेले नाहीत. २७ डिसेंबर २०२२ च्या १८८ क्रमांकाच्या परिपत्रकाने नोंदणी नसलेल्या ग्राहकाला थेट परतावा मागता येतो. पोर्टलवर तुमच्या पॅनने तात्पुरती नोंदणी घ्या. राज्य निवडताना बिल्डरची नोंदणी ज्या राज्यात आहे तेच निवडा, आणि बँक खातं तुमच्याच पॅनचं. मग आरएफडी-०१ या परताव्याच्या फॉर्ममध्ये नोंदणी नसलेल्या व्यक्तीचा परतावा हा प्रकार. सोबत करारनामा, बिलं, पैसे भरल्याचा पुरावा, रद्द केल्याचं बिल्डरचं पत्र, आणि त्याचं प्रमाणपत्र की हा कर त्याने भरला आहे आणि क्रेडिट नोटने कमी करून घेतलेला नाही. अडतं ते या प्रमाणपत्रावर, म्हणून रद्द करण्याच्या कागदांवर सह्या करतानाच ते मागा. रद्द केल्याचं पत्र मिळाल्यापासून २ वर्षांत अर्ज, आणि रक्कम किमान १,००० रुपये हवी. बिल्डरची मुदत अजून शिल्लक असेल तर हा मार्ग उघडत नाही, तेव्हा परतावा त्यानेच करायचा असतो.

ग्राहक_पंचायत_वाचक

सागवान_हिंगणा भाऊंसाठी एक राहिलं. रायपूरच्या आयोजकाने प्रदर्शनच रद्द केलं आणि स्टॉलचं भाडं परत दिलं नाही तर तुम्हीही ग्राहक ठरू शकता. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहक कायदा लागू नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतली असेल तर तो अपवाद आहे. भाड्याचे पैसे भरण्याआधी आयोजकाकडून लेखी घ्या: प्रदर्शन रद्द झालं किंवा तारीख बदलली तर किती दिवसांत किती परत. तुमच्या प्रासंगिक नंबरची मुदतही त्याच तारखांना बांधलेली असते, त्यामुळे तारीख पुढे गेली की आरईजी-११ चा अर्ज मुदत संपायच्या आधी टाकावा लागेल.

सागवान_हिंगणा

समजलं. आरईजी-०१ उद्याच भरतो, आणि छापखान्यात गेलेलं पावतीपुस्तक आजच थांबवलं.